पहिल्या वर्गाचा चेहरा

झाशीत श्रीमंत माणूस कसा दिसतो, हे गेली चौदा वर्षं मी ठरवत आले आहे. सिपरी बाजारात एका चपलांच्या दुकानावर माझी जागा आहे. दोन कॉम्प्युटर, एक कॅमेरा आणि भिंतीला टेकवलेले फ्लेक्सचे रोल. शहरात कुणी शोरूम काढलं, कॉलनी बांधली, मॅरेज गार्डन सुरू केलं की होर्डिंगसाठी तो माझ्याकडे येतो आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणतो, "दीदी, लुक एकदम हाय-क्लास चाहिए."

हाय-क्लास म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. झुंबर पाहिजे, संगमरवरी जिना पाहिजे, पांढरा सोफा पाहिजे. मे महिन्यात इथे डांबर वितळतं, पण होर्डिंगवरचा माणूस गळ्यात मफलर गुंडाळून उभा असतो, कारण थंडी ही श्रीमंतांची असते. माणसं गोरी आणि शक्यतो या देशातली नसलेली. असे फोटो मी ते विकणाऱ्या वेबसाइटवरून घेत असे. त्यातला जिना एका ठिकाणचा, झुंबर दुसरीकडचं आणि माणूस तिसऱ्याच देशातला. जोडकाम माझं.

ही विद्या मी शाळेत शिकले नाही, बाबांच्या पिशवीतून शिकले. बाबा रेल्वेत कोच अटेंडंट होते. पहिल्या वर्गाच्या एसी डब्यात बिछाने घालायचे, घंटी वाजली की पाणी न्यायचं, ज्याला पहाटे उतरायचं आहे त्याला वेळेवर उठवायचं, हे त्यांचं काम. फेरी संपवून नगऱ्यातल्या, म्हणजे झाशीच्या रेल्वे वसाहतीतल्या, क्वार्टरवर ते परत आले की पिशवीतून प्रवाशांनी सीटवर टाकून दिलेली इंग्रजी मासिकं निघत. मला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून मी जाहिराती बघायचे. घड्याळांच्या, गालिच्यांच्या, सुटाच्या कापडाच्या. कापून वहीत चिकटवायचे. आमच्या घरात एकच टेबल होतं आणि त्याच्यावर इस्त्री, आईची औषधं, दळणाचा डबा, माझी पुस्तकं असं सगळं असायचं. जाहिरातीतल्या टेबलावर काहीच नसे, फार तर एक फूल. ज्यांच्याकडे इतकं सामान असतं त्यांचं टेबल रिकामं कसं, हे मला कोडंच होतं.

एकदा दाढी करत बसलेल्या बाबांना मी ती वही दाखवली. "खरे श्रीमंत असेच दिसतात का हो?"

त्यांनी गालावरचा साबण तसाच ठेवून पान बघितलं. "छे. हे नवे आहेत."

"म्हणजे?"

"अगं, डब्यात पहिल्यांदा आलेला माणूस सगळी बटणं दाबून बघतो, पडदा ओढून बघतो, चादर उलटी करून बघतो. जुना असतो तो कशाकडेच बघत नाही. सामान कुठे ठेवलं विचारत नाही. फलाटावर वेटिंग रूममधून खुर्ची आणून मागे ठेवली तर वळून न बघता बसतो. खुर्ची असणारच, ही त्याला खात्री असते."

हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. एखाद्या माळ्याने गुलाबाच्या जाती सांगाव्यात तसं ते सांगत. मला मात्र त्यांच्या कामाची लाज वाटायची. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'रेलवे में अफ़सर' लिहायचे आणि त्यांची सही घेताना त्या ओळीवर बोट ठेवायचे.

आता मुख्य गोष्ट सांगते.

माणिक चौकात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान असलेल्या एका व्यापाऱ्याने कानपूर रोडवर मोठं शोरूम बांधायला घेतलं होतं. लग्नाचे सूट, शेरवान्या, बंद गळ्याचे कोट, सगळं मापाने शिवून देणार. वय चाळिशीचं, स्वभावाने उतावळा पण मनाने वाईट नाही. त्याला सगळे भैयाजी म्हणत, मीही म्हणत असे. उद्घाटनाआधी एक महिना इलाइट चौराह्यावर त्याचं होर्डिंग लागलं. चंदेरी केसांचा एक गोरा गृहस्थ जुन्या मोटारीला टेकून उभा आहे, मागे राजवाड्यासारखा दरवाजा. भैयाजी खूश होते.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "दीदी, ज़रा चौराहे पर आइए. अभी."

मी गेले. भैयाजी स्कूटर लावून होर्डिंगखाली उभे होते. त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. समोरच्या इमारतीवर एका दाताच्या दवाखान्याचा नवा फ्लेक्स लागला होता. त्यावर तोच चंदेरी केसांचा गृहस्थ होता. तोंड पूर्ण उघडून हसत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'बत्तीसी एक ही दिन में'.

फोटो मी रीतसर विकत घेतला होता. दवाखान्यानेही घेतला असेल. असे फोटो कुणीही घेऊ शकतो, हे मी भैयाजींना समजावू लागले, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"पूरा माणिक चौक हँस रहा है. कह रहे हैं, सूट सिलवाओ तो दाँत मुफ़्त मिलेंगे."

मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. भैयाजींना हसू आलं नाही. "मुझे ऐसा चेहरा चाहिए जो किसी के पास न हो. सहालग सिर पर है." सहालग म्हणजे इथली लग्नसराई. ती हातची गेली तर कापडवाल्याचं वर्ष गेलं. ते त्याच दिवशी कापड आणायला सुरतेला निघाले होते. जाताना म्हणाले, "मैं लौटूँ तो बोर्ड बदला हुआ मिले. आपकी पसंद पर छोड़ता हूँ. बस, आदमी खानदानी लगे."

त्यांना परत यायला आठ दिवस होते. दिल्लीहून मॉडेल बोलावणं शक्य नव्हतं. दोन दिवस मी ओळखीपाळखीतले पुरुष डोळ्यांसमोर आणत राहिले. एक वकील होते, पण ते कॅमेऱ्यासमोर छाती फुगवत. एका ठेकेदाराला मी प्रत्यक्ष उभं करून पाहिलं. त्याने पाचही अंगठ्या दिसाव्यात म्हणून हात गालावर ठेवला. मला बाबांचं जुनं वाक्य आठवलं, हे नवे आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नगऱ्याला आईबाबांकडे गेले. निवृत्तीनंतर बाबांनी तिथेच दोन खोल्यांचं घर बांधलं आहे. गल्लीत भाजीचा ठेला उभा होता आणि पाच-सहा जण पालकाच्या भावावरून एकाच वेळी ओरडत होते. बाबा पिशवी घेऊन कडेला उभे होते. एकाहत्तर वर्षांचे, पाठ सरळ, केस मागे वळवलेले, धुऊन पांढरा झालेला सदरा. ते कशाचीच घाई करत नव्हते आणि कुणावर रागावलेलेही नव्हते. भाजीवाल्याचं लक्ष गेलं तसा तो सगळ्यांना गप्प करत म्हणाला, "अरे हटो भाई, पहले बाबूजी को दे दूँ."

मी रिक्षातून उतरायचं विसरले. ज्या गोष्टीसाठी मी शहर पालथं घालत होते ती पालक घेत उभी होती.

घरात गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमचा फोटो काढायचाय. होर्डिंगसाठी."

"कसलं? पेन्शनवाल्यांचं डोळे तपासणी शिबिर आहे का?"

"सुटाचं. मोठ्या शोरूमचं. इलाइट चौराह्यावर लागणार."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "लग्नात ह्यांनी माझ्या भावाचा कोट घातला होता. स्वतःचा असा एक नाही अजून."

बाबा दोन दिवस नाही म्हणत राहिले. शेवटी मी अडचण खरीखरी सांगितली तेव्हा म्हणाले, "तुझं काम अडलंय म्हणतेस तर चल."

शोरूमचे टेलर मास्टर अजून माणिक चौकातल्या जुन्या दुकानातच बसत. त्यांनी माप घ्यायला सुरुवात केली आणि बाबांनी न सांगता हात बरोबर तेवढेच उचलले, खांदे बरोबर तेवढेच सोडले. मास्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

"बाबूजी, बंद गला पहले भी पहनते रहे हैं?"

"हाँ. नौकरी में."

"फ़ौज में?"

"रेलवे में."

मास्टरांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जुन्या काळी अटेंडंटचा गणवेश बंद गळ्याचाच असे, पितळी बटणांचा. मास्टरांना वाटलं असावं, कुणी मोठे साहेब. त्यांना तसं वाटू देताना मला फॉर्मवरचं ते बोट आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

कोट राखाडी रंगाचा, विणीत किंचित निळी झाक असलेला. तो घालून बाबा आरशासमोर उभे राहिले आणि आत हात घालून चाचपू लागले. मग म्हणाले, "खिसा आतून आहे. आमच्या कोटाला बाहेरून असायचा, पेन्सिलीसाठी."

फोटो काढायला मी शोरूमची गच्ची निवडली. गिलावा झालेली, अजून रंग न लागलेली एक लांब भिंत होती, तिच्यावर सकाळचं ऊन तिरपं येत असे. ना झुंबर, ना जिना, ना मोटार. चौदा वर्षांत मला एक गोष्ट नक्की कळली आहे. छोटा दुकानदार होर्डिंगवर इंचभर जागा सोडत नाही. साडी, कुकर, पत्ता, दोन फोन नंबर, देवाचा फोटो, सगळं बसवतो. महागातलं दुकान मोकळी जागा दाखवतं. लहानपणीच्या रिकाम्या टेबलाचं कोडं असं सुटलं होतं. म्हणून मला त्या भिंतीपुढे फक्त बाबा हवे होते.

पण फोटो जमेना. पहिल्या पन्नास फोटोंत बाबा हात पोटाशी बांधून उभे होते, मान जराशी पुढे. मी म्हटलं, हात सोडा. त्यांनी सोडले, पण शरीर तसंच राहिलं. आणखी एक गोष्ट मला कॅमेऱ्यातून दिसली. मी त्यांना मध्यभागी उभं करायचे आणि दोन मिनिटांत ते नकळत भिंतीच्या कडेला सरकलेले असायचे. मधली जागा ते कुणासाठी तरी मोकळी ठेवत होते. डब्याच्या बोळातून प्रवासी जाणार असतो तेव्हा अटेंडंट अंग चोरून बाजूला उभा राहतो, तसे.

"बाबा, तुम्ही सांगायचात ना, जुने श्रीमंत कसे असतात? तसं करा बघू."

त्यांनी प्रयत्न केला. हनुवटी उचलली, भुवया ताणल्या. ते नाटकातल्या सावकारासारखं दिसू लागलं. दोघांनाही ते कळलं. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "नाही गं जमणार. मला उभं राहायची सवय आहे ती अशीच."

एवढ्यात आई डबा आणि त्यांची रक्तदाबाची गोळी घेऊन जिना चढून आली. तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिने बघितलं ते इतकंच, की नवरा तासभर उन्हात उभा आहे. गवंड्यांची एक साधी लाकडी खुर्ची कोपऱ्यात पडली होती. आईने ती उचलली, पदराने पुसली, बाबांच्या मागे नेऊन ठेवली आणि बाजूला होत म्हणाली, "अहो, बसा की आता. कोण यायचंय?"

बाबा बसले. मागे वळून न बघता. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं ही बाई पाट मांडत आली, पाणी ठेवत आली, ते मागे आहे की नाही हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पाठ टेकली, एक हात मांडीवर आला, दुसरा खुर्चीच्या कडेवरून सैल सुटला. ते आईकडे बघून किंचित हसले. मी बटण दाबलं. एकच फोटो. दुसरा काढायची गरज पडली नाही.

भैयाजी सुरतेहून आले तेव्हा नवा बोर्ड चढायचाच होता, म्हणून ते आधी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. राखाडी भिंत, एका बाजूला खुर्चीत बसलेला म्हातारा माणूस, तो आपल्याकडे बघतच नाही, फोटोबाहेर कुणाकडे तरी बघून हसतोय. तीन चतुर्थांश होर्डिंग मोकळं. खाली शोरूमचं नाव आणि दोनच शब्द, 'आराम से'.

"इतनी जगह ख़ाली?"

"वही तो असली चीज़ है, भैयाजी."

ते उठून मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग हळूच म्हणाले, "ये हैं कौन? मास्टर कह रहे थे, रेलवे में बड़े साहब थे. चेहरे से ही खानदानी लगते हैं. आपके महाराष्ट्रियन लोगों में तो पुराने सरदार घराने हैं न इधर?"

मी म्हणायला हवं होतं, हे माझे वडील. मी म्हटलं, "पहचान के हैं."

होर्डिंग लागलं. मी बरीच होर्डिंगं लावली आहेत, पण लोक गाडी हळू करून बघतायत असं पहिल्यांदाच घडलं. बाजारात त्यावर बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे ग्वाल्हेरचे सरदार आहेत, कुणी म्हणे जवळच्या एरच गावाकडे यांची जमीनदारी होती. माझ्या खालच्या चपलांच्या दुकानदाराने मला गंभीरपणे सांगितलं, "दीदी, ख़ून बोलता है. ऐसे बैठना सिखाया नहीं जा सकता." मी मान हलवली. आतून मात्र मी लहानपणीपेक्षा मोठी चोरी करत होते.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी भैयाजींनी हट्ट धरला, की फीत होर्डिंगवरच्या बाबूजींनीच कापावी. मी टाळू शकले नाही. बाबा तोच राखाडी कोट घालून आले, आई बरोबर होती. शहरातले व्यापारी, डॉक्टर, दोन-तीन बिल्डर पुढच्या रांगेत. निवेदक माइकवर म्हणाला, "हमारे बीच पधारे हैं एक पुराने राजघराने के चिराग..."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ते माइककडे गेले आणि निवेदकाच्या खांद्यावर अलगद हात ठेवून त्यांनी त्याला थांबवलं.

"माफ़ कीजिए, कुछ ग़लतफ़हमी हुई है. मैं किसी राजघराने का नहीं. मैं रेलवे में कोच अटेंडेंट था. पैंतीस साल आप लोगों के बिस्तर लगाए हैं. ये फ़ोटो मेरी बेटी ने खींची है." त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "और कोट मास्टर जी ने सिया है. बहुत अच्छा सिया है. तारीफ़ उनकी होनी चाहिए."

पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघू लागले. मग मागून, दरवाज्याजवळ उभ्या असलेल्या टेलर मास्टरांनी टाळी वाजवली. एकट्यानेच. उभ्या आयुष्यात त्यांचं नाव कुणी माइकवर घेतलं नसावं. त्यांच्यामागून कारागिरांनी वाजवली, मग हळूहळू सगळ्यांनी. बाबांनी फीत कापली.

भैयाजींनी मला कपड्यांच्या कपाटांमागे गाठलं. चेहरा लाल झाला होता. "आपने मुझे बताया क्यों नहीं? लोग क्या कहेंगे, इतना बड़ा शोरूम और बोर्ड पर अटेंडेंट? सोमवार तक बदल दीजिए."

"ठीक है," मी म्हटलं. वाद घालायला मला तोंड नव्हतं, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्याच माणसाला द्यायचं होतं.

घरी जाताना रिक्षात बाबांनी कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला. नगऱ्याच्या वळणावर म्हणाले, "तू माझं काम का लपवलंस?"

"तुम्हाला नाकारतील असं वाटलं."

"ते ठीक. पण तुला लाज वाटली का?"

आईने बाहेर बघितलं. मी म्हटलं, "हो. आधीपासून वाटायची." आणि फॉर्मचं, बोट ठेवण्याचं, सगळं सांगून टाकलं. एकेचाळीस वर्षांची बाई रिक्षात बसून शाळेतली चूक कबूल करत होती.

बाबा माझ्याकडे वळले. "ते मला माहीत होतं. बोट होतं तुझं, पण शाई पलीकडून उमटायची." मग म्हणाले, "अगं, मी वाईट काम नाही केलं. लोक माझ्या भरवशावर गाढ झोपायचे. ज्याला जिथे उतरायचं तिथे मी त्याला उतरवलं, एकदाही चुकलो नाही. आणखी काय असतं मोठं?"

मी रडले. त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, आराम से," कारण पुढे खड्डा होता.

तो शनिवार होता. रविवारी दुपारी भैयाजींचा फोन आला. मला वाटलं, बोर्ड कधी उतरवणार असं विचारतील. मागे बराच गलका ऐकू येत होता.

"दीदी, बोर्ड मत उतारिएगा." त्यांना धाप लागली होती. "यहाँ नगरा से लोग आए हैं. गार्ड साहब, फिटर, टिकट बाबू, सब परिवार के साथ. कहते हैं, वही कोट दिखाओ जो हमारे अटेंडेंट साहब ने पहना है. मास्टर को पानी पीने की फ़ुरसत नहीं."

मी स्वतः जाऊन बघितलं. काचेच्या दरवाज्याबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत जाताना चपला काढायच्या नसतात हे त्यांना माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. एक निवृत्त फिटर मुलाच्या लग्नासाठी आले होते. ते मला म्हणाले, "बेटी, ऐसी दुकान के सामने से तीस साल निकले, अंदर कभी नहीं गए. लगता था हमारे लिए नहीं है. कल सोचा, वो बैठ सकते हैं तो हम भी देख आएँ." त्याच वेळी पुढच्या काउंटरवर एक डॉक्टर तोच राखाडी कोट खांद्याला लावून बघत होते. दोघांचं माप एकापाठोपाठ एक झालं. मास्टरांनी दोघांनाही म्हटलं, "आराम से खड़े रहिए."

भैयाजी नंतर नगऱ्याला आले, मिठाईचा डबा घेऊन. बाबांसमोर बसून डबा नुसता पुढे सरकवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाबूजी, उस दिन मैंने बिटिया से बहुत उल्टा-सीधा कहा."

"आपका नुक़सान होता तो मैं भी यही कहता," बाबा म्हणाले. "चाय लीजिए."

त्यानंतर माझ्या कामाची रीतच पालटली. फोटो विकत घेणं मी बंद केलं. गिऱ्हाईक आलं की मी विचारते, तुमच्या वस्तूवर सगळ्यात जास्त हक्क कुणाचा? चांदीच्या दुकानासाठी मी एका निवृत्त परिचारिकेचा फोटो काढला, तिच्या हातांचा. कॉलनीवाल्या बिल्डरला मी त्याच्याच फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचं कुटुंब नव्या दिवाणखान्यात बसवून दाखवलं. तो आधी नाही म्हणाला, मग फोटो बघून त्याने तोच लावला. सगळेच ऐकतात असं नाही. झुंबर मागणारे अजूनही येतात आणि मी त्यांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते.

गेल्या हिवाळ्यात भैयाजींनी झाशीजवळच्या मऊरानीपुरात दुसरं दुकान काढलं. तिथल्या एका लग्नाला आम्ही तिघं बसने निघालो होतो. गावात शिरताना स्टँडच्या अलीकडे, मोकळ्या शेताच्या कडेला बाबांचं होर्डिंग उभं होतं, झाशीतल्यापेक्षा मोठं. मागे हिरवा वाटाणा, वर निळं आभाळ, आणि खुर्चीत आरामात बसलेले बाबा. पुढच्या सीटवरच्या एका बाईने होर्डिंगकडे बघितलं, मग मागे वळून बाबांकडे, मग पुन्हा बाहेर.

"बाबूजी, ये आप हैं?"

सगळी बस वळून बघू लागली. मला वाटलं, बाबा आता अंग चोरतील, लाजून खिडकीकडे सरकतील.

ते जागचे हलले नाहीत. "हाँ, मैं ही हूँ," ते म्हणाले, "और जिसे देखकर हँस रहा हूँ, वो ये बैठी हैं."

बसमध्ये असा हशा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन थांबवली. आई लाजून लाल झाली, पण तिने पदर तोंडावर ओढला नाही. ती ताठ बसून राहिली आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून खिडकीची काच स्वतः सरकवली.